आधी कातळ, मग तिकीट

युरोपात प्रस्तरारोहणाला जायचं ठरलं की बहुतेक जण नकाशा उघडतात आणि शहरांवर बोट ठेवू लागतात. म्युनिक, व्हेनिस, पॅरिस, जमलं तर अथेन्सही. महिनाभरात सहा देश असा बेत कागदावर फार छान दिसतो. प्रत्यक्षात निम्मे दिवस गाडीत जातात, उरलेल्यांपैकी काही पावसात, आणि बोटं खडकाला सरावतात न सरावतात तोच पुढच्या गाडीची वेळ होते. चढायलाच जायचं असेल तर बेत खडकापासून आखायला हवा. खडक कोणत्या जातीचा आहे, तो कोणत्या महिन्यात कोरडा असतो आणि तिथली मंडळी त्यावर कोणत्या रीतीनं चढतात, या तीन प्रश्नांची उत्तरं हाती आली की विमान, व्हिसा आणि मुक्काम यांचा क्रम आपसूक लागतो.

सह्याद्रीत तयार झालेल्या आणि दोरावर पुढे राहून चढण्याचा, म्हणजे लीड करण्याचा सराव असलेल्या आरोहकांसाठी हा विचार मांडतो आहे. उदाहरण म्हणून पाच-सहा आठवड्यांची एक शरद ऋतूतली मोहीम घेऊ. ऑगस्टअखेरीस इटलीतल्या डोलोमाइट्समध्ये सुरुवात, सप्टेंबरात जर्मनी, आणि ऑक्टोबरात ग्रीसचं कालिम्नोस बेट. उंचावरून थंडी खाली सरकत येते, तसतसं आपणही आधी डोंगरातून खाली आणि मग दक्षिणेकडे सरकायचं.

खडकाची जात

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा बेसॉल्ट तयार झाला. म्हणून आपल्या कड्यांवर आडव्या पट्ट्या, उभ्या भेगा आणि दोन थरांमध्ये ठिसूळ तांबडी माती भेटते. सह्याद्रीतला आरोहक घसाऱ्यावर तोल सांभाळायला आणि सुटा दगड हात लावण्याआधी ओळखायला शिकतो. ही नजर कुठेही कामी येते. पण युरोपातले नावाजलेले बहुतेक कडे चुनखडकाचे आहेत आणि तिथे अंगाला वेगळी सवय लावावी लागते.

चुनखडक समुद्रतळाशी, शंख-शिंपल्यांच्या आणि इतर सागरी जिवांच्या अवशेषांतून साचला. किंचित आम्ल असलेल्या पावसाच्या पाण्यात तो हळूहळू विरघळतो. त्यातून एक-दोन बोटं मावतील अशा खोबण्या आणि मोठमोठ्या गुहा तयार होतात. पाण्यात विरघळलेला चुना पुढे पुन्हा साचतो आणि गुहेच्या छताला, भिंतीला खांबांसारखे ओघळ धरतात. आरोहक त्यांना ‘टुफा’ म्हणतात. हे ओघळ दोन्ही हातांनी चिमटीत पकडायचे, मधे गुडघा अडकवून हातांना क्षणभर विसावा द्यायचा आणि छताखालून बाहेर यायचं, असं तिथलं चढणं असतं. उभ्या बेसॉल्टवर पायांच्या भरवशावर चढणाऱ्याचे हात इथे पहिल्या दोन दिवसांत भरून येतात.

डोलोमाइट्सचा खडक चुनखडकाचाच भाऊबंद, पण त्यात मॅग्नेशियम असतं. अठराव्या शतकात देओदा द दोलोम्यू या फ्रेंच भूवैज्ञानिकानं त्याचा अभ्यास केला आणि त्याचंच नाव खडकाला व पुढे पर्वतालाही मिळालं. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या उबदार समुद्रातले प्रवाळ आणि त्यांच्याभोवतीचा गाळ आज तीन हजार मीटर उंचीवर उभा आहे. वालुकाश्माची तऱ्हा आणखी निराळी. वाळूचे कण ज्या पदार्थानं एकमेकांना धरून असतात तो ओला झाला की पकड सैल होते. वरून कोरड्या दिसणाऱ्या वालुकाश्मावरही पावसानंतर चढलं तर खोबणी हातात येते आणि तो मार्ग कायमचा बिघडतो. चढायची तारीख पुढे ढकलणं हा तिथे आरोहणाचाच भाग आहे.

डोलोमाइट्स: पहाटे निघणाऱ्यांचा पर्वत

मोहिमेची सुरुवात इथून करण्याचं कारण हवामानात आहे. उंचावरच्या निवाऱ्यांचा, म्हणजे ‘रिफुजिओं’चा हंगाम साधारण जूनअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत असतो. त्यानंतर बर्फ पडू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी मेघगर्जनेसह वादळं येतात. सप्टेंबराच्या तोंडावर हवा तुलनेनं स्थिर असते, तरी सकाळी लवकर भिंतीला लागायचं आणि दुपारपर्यंत उतरणीवर असायचं, हा नियम मोडू नये. सुळक्याच्या माथ्यावर वीज कडाडू लागली तर लपायला जागा नसते.

इथे मार्ग लांब असतात. एका दोराच्या लांबीइतका टप्पा चढायचा, अँकर करायचा, जोडीदाराला वर घ्यायचं आणि पुढे निघायचं, असे दहा-पंधरा टप्पेही असू शकतात. पुष्कळ जुन्या मार्गांवर मधे फक्त पूर्वीच्या लोकांनी ठोकलेल्या मेखा भेटतात आणि बाकीचं संरक्षण स्वतःच्या नट्स, फ्रेंड्स आणि स्लिंग्सनी उभं करावं लागतं. वाट शोधणं ही खरी परीक्षा. चढाईपेक्षा उतरणीचा अभ्यास अधिक करावा, कारण थकलेली जोडी चुकीच्या घळीत उतरते ती संध्याकाळीच.

कोर्तिना गावाजवळचे चिंक्वे तोर्री, म्हणजे पाच बुरूज, सुरुवातीला उत्तम. मार्ग छोटे, श्रेणी सर्व तऱ्हेच्या, आणि पायथ्याशी पहिल्या महायुद्धातले खंदक जपून ठेवलेले आहेत. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यांनी या कड्यांवर ठोकलेल्या शिड्या आणि तारांमधूनच आजच्या कित्येक ‘व्हिया फेराटा’ वाटा आल्या. हात बसला की त्रे चिमे या तीन सुळक्यांकडे वळावं. त्यातल्या मधल्या, मोठ्या सुळक्याची सुमारे साडेपाचशे मीटरची उत्तर भिंत ऑगस्ट १९३३ मध्ये एमिलिओ कोमिची आणि दिमाई बंधूंनी प्रथम चढली. ती भिंत अनुभवी जोड्यांसाठी आहे. पायथ्याशी उभं राहून ती नीट न्याहाळली तरी वेळ सार्थकी लागतो. त्या काळच्या साधनांनी ही माणसं कोणत्या भेगेतून कुठे गेली असतील, याचा माग डोळ्यांनी काढता येतो.

लांब मार्गांचा अनुभव कमी असेल तर एक-दोन दिवस आंतरराष्ट्रीय पर्वत मार्गदर्शक संघटनेचा बिल्ला असलेला मार्गदर्शक घ्यावा. खर्च होतो, पण वाट वाचायची कशी आणि दोन दोर सांभाळायचे कसे, हे त्याच्यासोबत जितकं लवकर कळतं तितकं एकट्यानं कळत नाही.

एल्बेकाठी: धातूला मनाई

डोलोमाइट्समधून म्युनिकमार्गे ड्रेस्डेन गाठलं की तिथून लोकल गाडी एल्बे नदीच्या काठानं बाड शांडाऊपर्यंत नेते. हा सॅक्सन स्वित्झर्लंड. जंगलातून वर आलेले वालुकाश्माचे सुळके इथे अकराशेंहून अधिक आहेत. १८६४ मध्ये बाड शांडाऊच्या व्यायामपटूंनी फाल्कनश्टाइन हा सुळका साधनांच्या मदतीनं चढला. १८७४ मध्ये म्योन्खश्टाइनवर कृत्रिम आधाराशिवाय चढाई झाली. दोर पडलो तर वाचवण्यासाठी, वर जायचं ते स्वतःच्या हातापायांनी, ही मुक्त आरोहणाची कल्पना इथे इतकी जुनी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या आरोहकांनी नियम लिहून काढले आणि त्यांचा गाभा आजही पाळला जातो. चढाई फक्त सुट्या उभ्या सुळक्यांवर. नट्स आणि फ्रेंड्सना बंदी, कारण धातू मऊ खडकाच्या कडा फोडतो. भेगेत संरक्षण म्हणून दोराच्या गाठी अडकवायच्या. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची भुकटी लावायची नाही. ओल्या खडकाला हात लावायचा नाही. काही मार्गांवर लोखंडी कड्या आहेत, पण त्या एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर असतात, आणि पहिल्यांदा चढणाऱ्यानं त्या खालून वर जाताना बसवलेल्या असतात. माथ्यावर डब्यात वही असते, तिथे चढाईची नोंद करायची. १९३९ मध्ये के-टूवर ऑक्सिजनशिवाय शिखराच्या अगदी जवळ पोचलेला फ्रिट्झ विस्नर याच मातीत घडला होता.

बाहेरून आलेल्यानं इथे स्वतःच्या जोरावर लीड करायला जाऊ नये. भेगेच्या आकारानुसार गाठ निवडणं आणि ती भार आल्यावर आवळून बसेल अशी घालणं ही हाताची विद्या आहे. स्थानिक आरोहक किंवा मार्गदर्शकामागून चढावं आणि ती पाहून घ्यावी. पाऊस झाला तर एक-दोन दिवस जंगलातल्या पायवाटा तुडवाव्यात. इथे हमखास चढायला मिळेल असं गृहीत धरून बेत आखलाच तर तो फसेल. म्हणून या टप्प्यात दिवस सैल ठेवावेत.

फ्रांकेनयुरा: लाल ठिपक्याचा प्रदेश

ड्रेस्डेनहून न्यूरेंबर्गकडे उतरलं की पुन्हा चुनखडक लागतो. न्यूरेंबर्ग आणि बायरॉइटच्या दरम्यान झाडीत लपलेले शेकडो छोटे कडे आहेत आणि त्यांवर दहा हजारांहून अधिक मार्ग. बहुतेक कडे दहा ते पंचवीस मीटरचे, त्यामुळे साठ मीटरचा दोर पुरून उरतो.

इथेच १९७५ मध्ये कुर्ट आल्बर्टनं एक पद्धत सुरू केली. मेखांना धरून चढण्याची तेव्हा रीत होती. मेखेचा आधार न घेता मार्ग चढता आला की तो पायथ्याशी लाल ठिपका रंगवी. जगभर आज वापरला जाणारा ‘रेडपॉइंट’ तिथून आला. न पडता, दोरावर न टेकता, स्वतः लीड करत मार्ग पूर्ण करायचा, हा त्याचा अर्थ. त्याचा मित्र वोल्फगांग गुलिख यानं १९९१ मध्ये ‘ॲक्शन डिरेक्ट’ हा मार्ग चढला आणि फ्रेंच श्रेणीत ९ए हा आकडा प्रथमच खरा ठरला. एका बोटाच्या खोबण्यांवर झेपा घ्यायच्या त्या मार्गासाठी त्यानं फक्त हातांनी चढायच्या लाकडी पट्ट्यांवर सराव केला. अशा पट्ट्यांचा ‘कॅम्पस बोर्ड’ आज जगभरच्या क्लाइंबिंग जिममध्ये दिसतो.

आपल्यासारख्यांनी इथे सोप्या श्रेणीतच खोबण्यांची ओळख करून घ्यावी. एका-दोन बोटांवर अचानक पूर्ण भार टाकला तर बोटातला अस्थिबंध दुखावतो आणि मोहीम तिथेच संपते. पहिला बोल्ट पुष्कळदा उंचावर असतो, त्यामुळे तो लांब काठीनं आधीच अडकवून घ्यायची पद्धत आहे. ससाण्यासारखे पक्षी घरटी करतात त्या काळात काही कडे बंद असतात. वसंतात जाणार असाल तर गाइडबुकमधल्या आणि पायथ्याच्या सूचना आधी वाचाव्यात.

कालिम्नोस: स्पंजाच्या बेटावरचा चुनखडक

ऑक्टोबर लागला की ग्रीस. कोस बेटावर विमानानं उतरायचं, मास्तिखारी बंदरातून बोट घ्यायची, पाऊण तासाच्या आत कालिम्नोस. आरोहकांची वस्ती मासूरी गावाच्या आसपास असते आणि पुष्कळ कडे तिथून चालत जाण्याइतके जवळ आहेत.

हे बेट पिढ्यानपिढ्या समुद्रतळातले स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं. कृत्रिम स्पंज आले, १९८०च्या दशकात रोगानं स्पंजांच्या खाणीच उजाड झाल्या आणि तो धंदा आटला. १९९६ मध्ये आंद्रेआ दि बारी हा इटालियन आरोहक सुट्टीवर आला असताना त्याला हे कडे दिसले. पुढच्या वर्षापासून त्यानं आणि मित्रांनी बोल्ट मारायला सुरुवात केली. आज तिथे तीन हजारांहून जास्त मार्ग आहेत आणि उन्हाळी पर्यटक परतल्यावरही ऑक्टोबर-नोव्हेंबरात खानावळी आणि खोल्या चालू राहतात. एका कातळानं एका गावाचं वर्षाचं वेळापत्रक बदललं.

ग्रांदे ग्रोता ही टुफांनी लगडलेली प्रचंड गुहा सर्वांत प्रसिद्ध, पण ती कठीण श्रेणीची. सोप्या आणि मधल्या श्रेणीचे कडेही बेटावर पुष्कळ आहेत. मासूरीवरचे पश्चिमाभिमुख कडे सकाळी सावलीत असतात आणि दुपारनंतर तापतात, तेव्हा सकाळ तिथे आणि दुपार सावलीच्या बाजूला, असं दिवसाचं गणित मांडावं. मार्ग लांब असल्यानं किमान सत्तर, शक्यतो ऐंशी मीटरचा दोर लागतो. खाऱ्या हवेत साधं स्टेनलेस स्टीलसुद्धा आतून तडकू शकतं, म्हणून अशा ठिकाणी अधिक प्रतीचं स्टील किंवा टायटॅनियमचे बोल्ट वापरतात. गंजलेला, हलणारा बोल्ट दिसला तर त्या मार्गावरून उतरावं आणि स्थानिकांना कळवावं.

श्रेणींचं कोडं

एकच अवघडपणा प्रत्येक देश वेगळ्या आकड्यात सांगतो. फ्रान्स, स्पेन, ग्रीसमध्ये फ्रेंच श्रेणी, जर्मनी आणि डोलोमाइट्समध्ये रोमन आकड्यांची आंतरराष्ट्रीय श्रेणी, एल्बेकाठी सॅक्सन. फ्रेंच ६ए म्हणजे आंतरराष्ट्रीय सहा-अधिकच्या आसपास आणि अमेरिकी ५.१०च्या सुरुवातीला. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलात दोराविना छोट्या दगडांवर चढतात. तिथली बोल्डरिंगची ६ए ही दोराच्या मार्गावरच्या ६ए पेक्षा कितीतरी अवघड असते, जरी लिहिण्यात दोन्ही सारख्याच दिसतात. त्यातही डोलोमाइट्समधल्या जुन्या मार्गावरची पाचवी श्रेणी आणि कालिम्नोसच्या बोल्टेड मार्गावरची पाचवी श्रेणी यांत मनाच्या तयारीचा फरक मोठा. नव्या ठिकाणी पहिले दोन दिवस आपल्या नेहमीच्या श्रेणीच्या दोन पायऱ्या खाली चढावं.

सामान, कागद आणि जोडीदार

हार्नेस, बूट, हेल्मेट आणि बिलेचं साधन प्रत्येकाचं स्वतःचं हवं. जोडीत एक ऐंशी मीटरचा दोर, पंधरा-सोळा क्विकड्रॉ, आणि डोलोमाइट्ससाठी दोन हाफ रोप व नट्स-फ्रेंड्सचा संच. सगळं प्रमाणित असावं. धातूचं सामान विमानात चेक-इन बॅगेत द्यावं. स्टोव्हचा गॅस विमानात चालत नाही, तो तिथे पोचूनच घ्यावा.

दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारणं ही सवय इथूनच पक्की करून जावी. मार्ग दोराच्या निम्म्यापेक्षा लांब निघतो, बिले देणाऱ्याच्या हातून टोक सुटतं आणि खाली सोडला जाणारा माणूस पडतो. असे अपघात अनुभवी लोकांनाही होतात, आणि एका गाठीनं ते टळतात. माथ्यावर पोचल्यावर मला खाली सोडणार आहेस की मी रॅपल करणार आहे, हे निघण्याआधी बोलून घ्यावं. युरोपीय संघात संकटासाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. फोन लागत नसेल तर शिट्टीनं किंवा विजेरीनं मिनिटाला सहा वेळा इशारा, मग मिनिटभर थांबून पुन्हा, हा आल्प्समधला संकेत सर्वांना माहीत असतो. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येतं.

इटली, जर्मनी आणि ग्रीस तिन्ही शेंगेन व्यवस्थेत आहेत. एकाच व्हिसावर तिथे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा. अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत वेळ मिळायला उशीर लागतो. व्हिसासाठी किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, पण साध्या प्रवास विम्यात प्रस्तरारोहण आणि हेलिकॉप्टरनं होणारी सुटका बहुधा वगळलेली असते. पॉलिसीतली ती कलमं वाचूनच पैसे भरावेत. ब्रिटनला जायचं तर व्हिसा वेगळा काढावा लागतो.

जोडीदाराची निवड मात्र कोणत्याही कागदापेक्षा महत्त्वाची. पाच आठवडे ज्याच्या हातात आपला दोर असणार, त्याच्यासोबत निघण्याआधी सह्याद्रीत अनेक दिवस चढलेलं असावं. पावसाळ्याचे महिने कृत्रिम भिंतीवर घालवून ओव्हरहँगचा सराव करावा, कारण ऑगस्टात आपले कडे ओले असतात आणि तिकडचा हंगाम आपली वाट पाहत नाही. तिथे गेल्यावर दोन दिवस चढाई आणि एक दिवस विश्रांती हे प्रमाण राखावं. बोटांची कातडी भरून यायला तेवढा वेळ लागतोच.

पाहुण्यानं पाहून यायची गोष्ट

एल्बेकाठी धातू चालत नाही. इंग्लंडमध्ये स्टॅनेजच्या ग्रिटस्टोन कड्यावर बोल्ट मारत नाहीत. कालिम्नोसवर बोल्टशिवाय चढाईच झाली नसती. तीन ठिकाणी तीन उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर त्या त्या खडकाच्या स्वभावातून व तिथल्या लोकांच्या चर्चेतून आलं. सह्याद्रीत हे प्रश्न आपल्यासमोरही आहेत. ऐतिहासिक सुळक्यावर नवा बोल्ट मारावा का, जुनी गंजलेली मेख कुणी काढायची, घरट्यांच्या काळात कडा कुणी बंद करायचा? बाहेरचे नियम इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण बेसॉल्टची आणि आपल्या गडकोटांची गरज वेगळी आहे. पण आरोहकांनी एकत्र बसून नियम लिहावेत, ते गाइडबुकात छापावेत आणि नव्या पिढीनं ते पायथ्याशीच शिकावेत, ही रीत नक्की घेता येण्यासारखी आहे. कड्यांवर प्रेम करणाऱ्या माणसांनी ती इथे रुजवली, तर अशा मोहिमांचं सर्वांत मोठं फळ सह्याद्रीलाच मिळेल.